खापरातला इस्तो

तुलारामच्या नव्या घरात सगळं होतं. डोक्यावर टिना होत्या, मागे परसात सांदवाडी होती, दाराच्या दोन्ही अंगांना रुखमिणीनं चुन्याची बोटं ओढली होती. नव्हता तो फक्त इस्तो, चुलीतला विस्तव. आणि चुलीत इस्तो नसलेलं घर म्हणजे देव न बसवलेलं देऊळ, असं तुलारामचा बाप दादाजी म्हणायचा. खाटेवर पडल्या पडल्याच म्हणायचा, पण अशा आवाजात की दोन घरं पलीकडच्यांनाही ऐकू जावं.

या घराण्याची रीत जुनी होती. भाऊ वेगळा निघाला की जुन्या चुलीतले निखारे खापरात घालून नव्या चुलीत न्यायचे. जावेनं जावेच्या हातात द्यायचे. नवी चूल आगपेटीच्या काडीनं पेटवायची नाही. दादाजीच्या आज्यानं झाडी तोडून धानाची पहिली बांधी काढली, त्या दिवशी पेटलेली ती चूल आजवर विझली नव्हती. रात्री राखेखाली झाकायची, सकाळी फुंकर मारून जागी करायची. घरातल्या बायका बदलल्या, इस्तो तोच राहिला.

अक्षय तृतीयेच्या सकाळी रुखमिणी फुटक्या मडक्याचं खापर घेऊन थोरल्या घरी गेली. तुलाराम तिच्या मागं होता. मंदाबाई, थोरली जाऊ, चुलीपुढं बसली होती. तिनं चिमट्यानं तीन निखारे उचलले, खापरात टाकले. रुखमिणीनं पदर डोक्यावर ओढून वाकून नमस्कार केला.

"नमस्कार राहू दे वो," मंदाबाई म्हणाली. "इस्तो नेतेस, मंग बुढ्याले कोन नेईन?"

"लाइटचं मीटर आलं का नेऊ ना बाई. तिथं कूलर चालत नाही अजून."

"म्हणजे नवं घर तुमचं अन् म्हाताऱ्याचं गू-मूत माह्या हातचं."

"मी असं म्हतलं का?"

"म्हनाले कायले पायजे? दिसते ना."

मंदाबाईच्या हाताशी पाण्याचा तांब्या होता. तो तिनं कधी उचलला हे कोणाला समजलं नाही. सगळं पाणी खापरात गेलं. चर्रकन आवाज झाला, वाफ आणि राख एकदम वर उसळली. उकळतं पाणी रुखमिणीच्या मनगटावर सांडलं, खापर हातातून सुटलं आणि उंबऱ्यावर पडून त्याचे चार तुकडे झाले. रुखमिणी मनगट धरून मटकन खाली बसली. डोळ्यांत राख गेली होती.

परसातून तुलारामचा थोरला भाऊ जागेश्वर धावत आला. त्यानं बायकोकडं पाहिलं, तुकड्यांकडं पाहिलं. त्याचंही मन बापाच्या बाबतीत दुखावलेलं होतं.

"मीटर येऊ दे, तुलाराम," तो खाली पाहत म्हणाला. "बाबाले ने, अन् इस्तो बी ने."

खाटेवरून दादाजी ओरडला, "अन् इस्तो गेल्याबिगर मी त्या घरात पाय टाकनार नाही! सांगून ठेवतो!"

अशी ती गाठ पडली. बाप गेल्याशिवाय इस्तो नाही, इस्तो गेल्याशिवाय बाप नाही. आणि मीटर दोन्हींच्या मधे अडकलेलं.

भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला त्या साली तुलारामचं लग्न झालं होतं. तेव्हापासून पंधरा वर्षं दोघे भाऊ एका अंगणात राहिले. आई लवकर गेली, तेव्हा जागेश्वरानंच धाकट्याला खांद्यावर बसवून वाढवलं. गावच्या भजनात जागेश्वर मृदंगावर आणि तुलाराम टाळावर. जागेश्वराचा उजवा हात मृदंगावर पडला की कीर्तनकार बुवांचं पाऊल आपसूक उठायचं. मोहाडीकडचे गोपीचंद महाराज तर म्हणत, या माणसाच्या पंजात पांडुरंगानं स्वतःचं बोट ठेवलंय.

वेगळं निघतानाही भांडण नव्हतं. उलट जागेश्वरानंच आपल्या मीटरवरून वायर काढून दिली. पाच वाळके बांबू रोवून ती कुंपणावरून धाकट्याच्या घरापर्यंत नेली. वायर पुरली नाही म्हणून मधे जुना तुकडा जोडला आणि जोडावर काळी टेप गुंडाळली. वायरमन इश्वर तेव्हा उभा राहून पाहत होता.

"एक पंखा अन् दोन बल्ब, बस," इश्वर म्हणाला होता. "जास्ती भार टाकसान त दोन्ही घरं बसतीन. डीपीतच दम नाही, भाऊ."

पण पोटाला तर भात लागतो. सिलिंडर जुन्या घरच्या नावावर होतं. आगपेटीला हात लावायचा नव्हता. अंगणात तीन दगड मांडून पेटवावं म्हटलं, तर ती पण चूलच. दोन दिवस चुरमुरे आणि शेजारणीच्या आंबिलीवर काढल्यावर रुखमिणीच म्हणाली, "लाखनीत शेगडी भेटते. तारेची. तार लाल होते, पर जाळ थोडाच निघते. जाळ नाही त इस्तो नाही."

तुलारामला हसू आलं. पण दुसऱ्या दिवशी तो लाखनीला जाऊन ती घेऊन आला. मातीची गोल चकती, तिच्या खाचेत वेटोळी तार. प्लग लावला की तार लाल व्हायची, वर भात शिजायचा. नवी चूल सारवलेली, कोरी, मुखात राखेचा कण नसलेली, कोपऱ्यात बसून हे सगळं पाहायची.

मग नवतपा लागला.

ते नऊ दिवस आमच्याकडं दरसाल येतात, तरी दरसाल माणूस म्हणतो की असं कधी तापलं नव्हतं. त्या साली बोडीतलं पाणी आटलं, गाळ तडकून त्याच्या खापऱ्या झाल्या. मोहाच्या झाडाखाली बकऱ्या जीभ काढून पडायच्या. दुपारी रस्त्याचं डांबर चपलेला चिकटून निघायचं. दादाजीच्या अंगावर घामोळं आलं, श्वास तोकडा झाला. जागेश्वरानं त्याची खाट कूलरच्या तोंडाशी नेली. मंदाबाई तासातासानं कूलरच्या ताट्यांवर पाणी मारायची, म्हाताऱ्याच्या छातीवर ओलं फडकं फिरवायची. तोंडानं कितीही बोलली तरी तिच्या हातानं म्हाताऱ्याची आबाळ कधी केली नव्हती.

आणि रोज सकाळी दहाला, रोज संध्याकाळी पाचला, इकडं शेगडी लागली की तिकडं कूलरचं पातं मंद व्हायचं. घरघर करत फिरायचं, मग कण्हायचं, मग मोजता येईल असं फिरायचं.

पहिल्या दिवशी जागेश्वर कुंपणाशी येऊन नुसतं म्हणाला, "काय लावून राहिले गा?" दुसऱ्या दिवशी म्हणाला, "शेगडी बंद कर." तिसऱ्या दिवशी बोलला नाही, वायरीला हात लावून हलवून गेला. तुलारामनं ऐकलं, मान डोलावली. पण भात शिजत ठेवून अर्ध्यावर कसा उतरवणार? घरात वाढत्या वयाची पोर डिंपल होती, शेतावर खत टाकून आलेली बायको होती, स्वतःच्या पोटात खड्डा होता.

चौथ्या दिवशी सकाळी बोरिंगवर दोघी जावा समोरासमोर आल्या.

"काय वो महारानी," मंदाबाई म्हणाली, "लाल तारेवरचा भात गोड लागते का?"

"इस्तो दिला असता त तार कायले लागली असती?"

"इस्तो माह्या सासऱ्याच्या जिवापेक्षा मोठा हाये का?"

"सासरा माहा बी हाये!"

"हाये ना? मंग कूलर बंद पाडून मारून राहिली काहून त्याले?"

रुखमिणीच्या मनगटावरचा फोड अजून ओला होता. तिनं दांडा सोडला आणि मंदाबाईचा अंबाडा धरला. मंदाबाईनं हातातली बादली फिरवली. कडीचं टोक रुखमिणीच्या कपाळाला लागलं. दोघी चिखलात पडल्या, एकीच्या हातात केस, दुसरीच्या हातात पोलक्याची बाही. बघणाऱ्या बाया "सोडा वो, सोडा" म्हणत उभ्या होत्या, पण मधे कोणी पडेना. रक्त भुवईवरून ओघळून रुखमिणीच्या तोंडात गेलं, तेव्हा कुठं ती थांबली.

तुलाराम धावत आला. पाठोपाठ जागेश्वर आला. इश्वर वायरमन सायकल थांबवून उभा होता.

"वहिनीनं माह्या बाईचं डोकं फोडलं, दादा!"

"अन् तू माह्या बापाचा जीव घेऊन राहिला!"

"माहा बाप नाही का तो?"

जागेश्वरानं त्याच्या थोबाडीत मारली. सगळ्या गावादेखत, बायकोदेखत. मृदंगाचाच हात तो. तुलारामच्या कानात घुंई झालं आणि डोळ्यांपुढं पाणी आलं. चाळीस ओलांडलेला माणूस, पण त्या घटकेला तो आठ वर्षांचा झाला होता. फरक इतकाच की आठ वर्षांचा असताना मार खाल्ल्यावर हाच माणूस त्याला मांडीवर घ्यायचा. या वेळी जागेश्वर पाठ फिरवून चालू लागला.

"पुन्हा शेगडी लागली," तो वळून न पाहता म्हणाला, "त वायर तोडतो. मंग बस अंधारात."

दोन दिवस शेगडी लागली नाही. रुखमिणी डोक्याला चिंधी बांधून पडली होती, तिला ताप होता. सातव्या दिवशी दुपारी ती उठून बसली आणि म्हणाली, "थोडी पेज पिईन म्हन्ते." तुलारामनं विचार केला, मूठभर कण्या, वाटीभर पाणी, किती वेळ लागते? त्यानं प्लग लावला.

सूर्य डोक्यावर होता. अंगणात सावली उरली नव्हती. पेजेला पहिला बुडबुडा आला असेल नसेल, तेवढ्यात थोरल्या घरून मंदाबाईची किंकाळी आली. "अवो, बाबानं डोये फिरवले!"

तुलाराम बाहेर आला तेव्हा जागेश्वर कुंपणाशी पोचला होता. अनवाणी. बापाच्या अंगावर बादली ओतून आलेला, त्यामुळं स्वतःही कमरेपर्यंत भिजलेला. धोतरातून पाणी गळून पायाखाली चिखल होत होता. उजव्या हातात कुऱ्हाड होती.

"दादा, थांब! काढतो प्लग!"

"बाप मेला का काढशीन?"

त्यानं बांबूवर घाव घातला. बांबू कलला, वायर खाली लोंबली. दुसरा घाव घालण्याआधी त्यानं डाव्या हातानं ती ओढली. काळी टेप उन्हानं वितळून चिकट झाली होती, ती सरकली. त्याची मूठ जोडावर मिटली.

तुलारामला पहिल्यांदा वाटलं की भाऊ रागानं थरथरतोय. मग त्याचे दात दिसले. मान मागं गेली, कुऱ्हाड गळून पडली, घशातून जनावरासारखा एकसुरी आवाज निघू लागला. मूठ उघडत नव्हती. हाताजवळून कातडं जळाल्याचा वास आला.

धानाचं तणस लोटायचा वाळका बांबू भिंतीला उभा होता. तुलारामनं तो दोन्ही हातांनी उचलला आणि सगळा जीव एकवटून भावाच्या डाव्या मनगटावर हाणला.

मूठ सुटली. वायर उडून कुंपणावर पडली. जागेश्वर उताणा कोसळला, उजवा हात बाजूला पसरलेला. त्याची छाती हलली. डोळे उघडले. त्यानं धाकट्या भावाकडं पाहिलं.

काम झालं होतं. पण बांबू पुन्हा वर गेला होता. तुलारामच्या कानात अजून घुंई होत होतं, डोळ्यांपुढं बोरिंगवरची माणसं होती, चार तुकड्यांचं खापर होतं, बायकोच्या तोंडात गेलेलं रक्त होतं. बांबू खाली आला, त्या पसरलेल्या उजव्या हातावर. ओली काटकी मोडल्यासारखा आवाज झाला.

मग मंदाबाई कोपऱ्यावरून धावत आली. मग रुखमिणी. मग सारं गाव.

"तुलाराम नसता त गेला होता मानूस," इश्वर वायरमन सगळ्यांना सांगत होता. त्यानं डीपीचा खटका पाडून वायर गुंडाळली आणि तुलारामची पाठ थोपटली. "वाळक्या बांबूनं मारलं ना, तेच बरोबर केलं. हात लावला असता त दोघं गेले असते."

मंदाबाईनं दिराचे पाय धरले. तुलाराम मागं सरकत राहिला, सरकत राहिला, भिंत लागेपर्यंत.

देवाच्या दयेनं दादाजी सावरला. त्याला नुसती भोवळ आली होती. जागेश्वराला भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. डावा तळवा भाजलेला, उजव्या हाताची दोन्ही हाडं मोडलेली. गावानं धरलं की सोडवतानाच मोडली. प्लास्टर कोपराच्या वर गेलं. मृदंगाचं विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, मूठ वळेल, पण पहिल्यासारखा जोर येईल असं सांगता येत नाही.

अपघाताचा पंचनामा झाला, फोटो झाले, आणि महिनाभर न मिळालेलं मीटर तिसऱ्या दिवशी आलं. इश्वरनं खांबावरून नवी कोरी वायर ओढली. रुखमिणीनं मीटरला कुंकू लावलं. पंखा असा फिरला की भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं. रुखमिणी पंख्याखाली उभी राहून हसत होती. तुलाराम बाहेर अंगणात, उन्हात बसला होता.

"आत या ना गा. हवा घ्या."

"बरा हावो इथं."

त्याला जेवण जात नव्हतं. कोणी राम राम केला की दचकायचा. गावातला प्रत्येक माणूस कौतुक करायचा, आणि प्रत्येक कौतुक ओल्या काटकीसारखं मोडायचं त्याच्या कानात.

ज्येष्ठात सप्ताह बसला. काल्याच्या कीर्तनाला गोपीचंद महाराज आले. सकाळची वेळ, मंडपात गर्दी. मृदंगावर दुसऱ्याच गावचा माणूस होता. त्याचा हात चांगला होता, पण महाराजांचं पाऊल दोनदा अडखळलं. जागेश्वर पुढच्या रांगेत, प्लास्टर मांडीवर घेऊन बसला होता. हात नव्हता म्हणून मान ताल धरत होती.

रंगात आलेले महाराज मधेच थांबले. चिपळ्या खाली ठेवल्या.

"मायबाप, देवानं गोवर्धन उचलला तो एका करंगळीवर. आपल्या गावात तुलारामनं भाऊ उचलला तो एका बांबूवर! ये रे बाबा, पुढं ये."

लोकांनी ढकलत ढकलत त्याला पुढं आणलं. महाराजांनी गळ्यातला हार काढून त्याच्या गळ्यात घातला, कपाळाला बुक्का लावला, आणि प्रेमानं हसून विचारलं, "सांग बरं माउली, किती फटक्यांत सुटला भाऊ?"

"एका," तुलाराम म्हणाला.

टाळ्या झाल्या. विठ्ठल विठ्ठल असा गजर उठला. टाळ, मृदंग, सगळा मंडप डोलायला लागला. फक्त पुढच्या रांगेतली एक मान डोलायची थांबली होती. जागेश्वर त्याच्याकडं बघत होता. कुंपणाशी, जमिनीवरून, बघितलं होतं तसंच.

काला वाटून झाला. दुपारी तुलाराम घरी येऊन हार खुंटीला लावत होता, तेव्हा अंगणातून हाक आली.

"रुखमिनी, दार उघड वो. हात पोळून राहिले माहे."

मंदाबाई उंबऱ्यापुढं उभी होती. डोक्यावर पदर, अंगावर लग्नातलं हिरवं लुगडं, दोन्ही हातांत नवं खापर. खापरात राखेच्या गादीवर पाच निखारे. मागं धूर आणि ऊन एकच झालं होतं.

"भाऊजीनं माहं कुंकू राखलं," ती म्हणाली. "मी पापिनीनं इस्त्यावर पानी ओतलं. माह्या हातून घे वो बाई आता."

रुखमिणीनं ओंजळ पुढं केली. तिचे डोळे भरून आले होते.

"नोको घेऊ," तुलाराम म्हणाला.

दोघींनी त्याच्याकडं पाहिलं.

"वहिनी, थांबा तिथंच. आत नोको येऊ. मी आलो."

"अवो, इझन ना इस्तो!" रुखमिणी ओरडली. पण तो अनवाणीच निघाला होता.

थोरल्या घरी जागेश्वर बापाच्या खाटेशी बसून डाव्या हातानं पंखा घालत होता. लाइट गेली होती. तुलाराम दारातच उभा राहिला.

"दादा, एका फटक्यातच सुटला होता तू."

"हो."

"दुसरा... दुसरा सोडवाले नव्हता."

जागेश्वरानं पंखा खाली ठेवला. "मले मालूम हाये."

"मालूम होतं? मंग बोलला काहून नाही? पंचनाम्यात नाही, महाराजापाशी नाही..."

"तू बोलशीन म्हनून वाट पाहून राहिलो होतो. आज मंडपात 'एका' म्हतलं तू, मले वाटलं, आता नाही बोलत हा." तो उठला. प्लास्टरचा हात गळ्यातल्या झोळीत होता. "इकडं ये."

तुलाराम पुढं गेला. जागेश्वरानं डावा हात उचलला आणि अंगातल्या सगळ्या जोरानं त्याच्या थोबाडीत ठेवून दिली. तळव्याची भाजलेली कातडी अजून कोवळी होती, मारणारा मार खाणाऱ्यापेक्षा जास्त कळवळला. तुलाराम दाराच्या चौकटीवर आदळला आणि तिथंच, चौकटीला धरून, हुंदके देऊन रडू लागला. जागेश्वरानं त्याच डाव्या हातानं त्याचं डोकं आपल्या खांद्यावर दाबून धरलं. प्लास्टर दोघांच्या मधे टोचत होतं.

"माहा मृदंग घेतला तू, तुलाराम," तो त्याच्या केसांत म्हणाला. "ते नाही भरून येनार."

"नाही."

"मले लय दिवस राग राहीन."

"राहू दे."

"झालं का तुमचं?" खाटेवरून दादाजी खेकसला. "का मी असाच उकडून मरू? उचला ना माही खाट!"

खाट उचलली. तुलाराम दोन्ही हातांनी पायथ्याकडून, जागेश्वर एका हातानं उशाकडून, आणि दादाजी मधे बसून दोघांना वाट सांगत. तीनदा टेकवावी लागली. कुंपणाशी, त्या कललेल्या बांबूजवळ, जागेश्वर जरा थबकला. मग चालू लागला.

नव्या घराच्या उंबऱ्यापुढं मंदाबाई तशीच उभी होती. रुखमिणी तिच्या समोर. दोघी खापरावर डोकी जुळवून आळीपाळीनं फुंकर मारत होत्या. राखेनं दोघींच्या पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या. पाचातले चार निखारे काळे पडले होते. पाचव्याच्या पोटात लाखोळीच्या दाण्याएवढं लाल उरलं होतं.

मंदाबाईनं मान वर केली. दिराच्या गालावर पाच बोटं उमटलेली तिला दिसली.

"गालाले काय झालं?"

"मच्छर बसला होता," जागेश्वर म्हणाला. "मारला."

मंदाबाईनं नवऱ्याच्या सोललेल्या तळव्याकडं पाहिलं. पुन्हा त्या गालाकडं पाहिलं, आणि मग गळ्यातल्या झोळीतल्या प्लास्टरकडं बराच वेळ पाहत राहिली. तिच्या हातातलं खापर एका अंगाला कललं. रुखमिणीची फुंकर थांबली. तांब्या जवळ नव्हता, पण अंगणभर वाळू होती, खापर पालथं घालायला दोन हात होते.

"उंबऱ्यावरून सरक," मंदाबाई शेवटी म्हणाली. "चूल कुठं हाये तुही? लवकर दाखव. एकच उरला हाये."